आटे

तेहतीस वर्षं मी सक्करदऱ्याचं पाणी उघडलं, बंद केलं.
पहाटे साडेतीनला रस्त्यातलं झाकण उचलून
छातीइतकी उंच चावी आत सोडायची
आणि मोजायचं. सव्वीस आटे उघडायला,
सव्वीस बंद व्हायला.
सत्ताविसावा द्यायचा नाही, स्पिंडल तुटतं.
तरी थेंब थेंब गळायचंच.
साहेब ओरडले की सांगायचो,
जुनं पॅकिंग आहे साहेब, एवढं चालतं.

आता धंतोलीत दुसऱ्या मजल्यावर
निळ्या गादीवर उताणा पडून मोजतो.
आवळा, दहापर्यंत धरा, सोडा.
फिजिओची पोरगी म्हणते, काका, पोट नाही, खालून.
खालून म्हणजे नेमकं कुठून
हे मला चौसष्ट वर्षं ठाऊक नव्हतं.

प्रोस्टेट काढल्याला सात महिने झाले.
जीव वाचला, असं सगळे सांगतात
आणि सांगून झालं की संत्र्याचे भाव काढतात.

खोकला आला की. चप्पल घालायला वाकलो की.
शेजारच्या मोरीत नळ सुटला की,
आणि मी तर जन्मभर नळच ऐकत आलो.

मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत, मी पाणी तोडलं.
दिवसाला तीन पेले.
ओठ फुटले. लघवी हळदीसारखी.
गळायचं ते गळतच राहिलं, वरून जळायला लागलं.
लाइन फुटली म्हणून टाकीच भरायची नाही,
असं खात्यात कोणी सुचवलं असतं
तर मीच हसलो असतो त्याला.

चौथ्या दिवशी ओट्याजवळ चक्कर येऊन पडलो.
शकुननं उचललं. पायजमा ओला होता.
तिनं काही विचारलं नाही.
कूलरमागच्या पिशवीत कोंबलेल्या माझ्या लुंग्या
तिला केव्हाच सापडल्या होत्या.
मीठ-साखरेचं पाणी तिनं पेल्यात ढवळलं,
ढवळतच राहिली.

"चाळीस वर्षं मी पेपरात गुंडाळूनच आणलं सारं.
गडद लुगडं कोणत्या दिवशी नेसाचं,
लग्नात उठल्यावर मागं वळून
खुर्ची कशी पाहाची, कोणाले न दिसता.
दुसऱ्या पोराच्या वेळेपासून
शिंक आली का मी बी पाय आवळते.
सक्करदऱ्याचं पाणी तुमाले पाठ,
माह्यं नव्हतं ठाऊक.
अन् तुमी सात महिन्यांतच
मराले निंगाले काऊन?"

मी पाणी प्यालो. पूर्ण पेला.
बोलण्यासारखं काही नव्हतं.

मेडिकलवाल्याला मी आता लार्ज म्हणून सांगतो,
गर्दी असली तर अजूनही थांबतो, बामची डबी बघत.
घरात त्याला आम्ही पॅकिंग म्हणतो.
"पॅकिंग घेतलं का?" ती दारातून ओरडते
आणि वरच्या मजल्यावरच्या धकातेंना वाटतं
खात्यानं मला परत बोलावलं.

गेल्या रविवारी उमरेड रोडच्या लॉनवर
पुतण्याचं लग्न लागलं.
मांडवाआधी मी संडास पाहून ठेवला,
जेवणाच्या मागं, जनरेटरच्या डावीकडे.
पूर्वी हेच डोकं व्हॉल्व्ह लक्षात ठेवायचं.
पंगतीत गुलाबनं नवरदेवाच्या काकाची
अशी नक्कल केली की मी हसलो,
सुटलं, कळलं, आणि हसणं मात्र
मध्येच बंद करता आलं नाही.
उठल्यावर वळून खुर्ची पाहिली.
कोरडी. पलीकडच्या रांगेतून शकुनही पाहत होती.

बरं झालेलं नाही. फिजिओ म्हणते, वर्ष लागेल,
कदाचित थोडं राहीलच.

रात्री कूलर टपटपतो.
मी जागा होतो, अंधारात हात खाली नेतो.
कधी कूलर असतो, कधी मी.
शकुन कुस न बदलता विचारते,
"कोण?"
"मीच," म्हणतो.
"बरं," म्हणते,
आणि पाय थोडे सरकवून
मला उठायला जागा करून देते.