कूलरमध्ये पाणी

धंतोलीच्या डॉक्टरने तीन शब्द दिले होते सांभाळायला.
दोन अजून आहेत माझ्याकडे: चटई, कावळा.
तिसरा तुला माहीत आहे, तू शेजारीच बसला होतास.
सांगू नकोस.

मे महिना, पारा पंचेचाळीसवर.
खिडकीत कूलर, वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास,
आणि जेवणाच्या टेबलावर गेल्या वर्षीची डायरी,
सहकारी बँकेने फुकट दिलेली, कोरी.
"तारखा चुकीच्या आहेत," म्हणालास.
असू देत. पुढच्या तारखा तरी कुठे ठाऊक आहेत आपल्याला?

तर लिही, हेमराज.
गॅसचं बटण रोज रात्री तू बघायचं, माझ्या नकळत.
पासबुकावर दोघांची नावं, याच आठवड्यात.
पाटल्या सोनलला, आत्ताच, माझ्या हाताने.
नंतर मी त्या कुणाला देईन सांगता येत नाही,
दूधवाल्यालासुद्धा.
तू हसलास. मग हसलो म्हणून ओशाळलास.
हसायचं, हेही लिही.

हैदराबादहून मोबाईलच्या चौकटीत सोनल:
"आई, इतक्यात कशाला?"
इतक्यातच, बाळा.
अजून मला नाही म्हणता येतं,
आणि का नाही म्हटलं ते सकाळी आठवतं.

सव्वीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये.
कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड,
गोंदिया, बल्लारशा, इटारसी बोटांच्या टोकावर.
इतवारीतल्या सूतवाल्यांचे नंबर पाठ,
कोण कुणावर रुसलंय तेही.
परवा तुझा मोबाईल नंबर फिरवताना
सातव्या आकड्याला लाईन तुटली.
मी तशीच उभी, दुधाची पिशवी हातात.

गाऊन चालेल, खिसा असलेला.
केस कापले तरी चालतील.
भरवताना घाई नको,
आणि तान्ह्या पोरीशी बोलतात तसं कुणी बोलायचं नाही.
तिखट सोसेना झालं तरी पोहे अगदी कोरडे नकोत,
तर्रीचं एक बोट लागू दे.

वर्धा रोडवरचं ते घर बघून आलो आपण रविवारी.
आवाज बंद केलेला टीव्ही, ओळीने खुर्च्या,
मागच्या अंगणात पेरूचं झाड.
एका बाईने माझा हात धरला, ताई म्हणाली.
मला तिची ताई व्हायला हरकत नव्हती.
येताना ऑटोत तू म्हणालास,
"मी नाही ठेवत तुले तिथं. मले जमते."
जिना चढताना तुझा गुडघा वाजतो.
मला ऐकू येतं ते, कान अजून ऑपरेटरचेच आहेत.
लिही: पेरूचं झाड असलेलं घर. नाकारलेलं नाही.
पेन धरून बसलास बराच वेळ.
मग लिहिलंस, पण 'पेरू' तेवढं गिचमिड.

ट्रंक कॉलच्या मध्ये शिरावं लागायचं आम्हाला:
तीन मिनिटं झाली, वाढवू का?
कुणी रडत असायचं, कुणी भाव ठरवत,
कुणी नुसतंच गप्प, पैसे मोजून.
दवाखान्यात नळ्यांपाशी कुणी तुला असं विचारलं
तर वाढवू नकोस.

हे मात्र तू लिहिलं नाहीस.
"विचार करू," एवढंच, आणि खाली दोन रेघा.
ठीक आहे. पानं पुष्कळ आहेत.

सहा वाजले तसा बादली घेऊन उठलास.
थांब, अजून एक.
ज्या दिवशी मी विचारीन, तुम्ही कोण,
त्या दिवशी एक्केचाळीस वर्षं सांगत बसू नकोस,
लग्नाचा फोटो तर आणूच नकोस.
म्हण, कूलरमध्ये पाणी भरायला आलो, बाई.
मी दार उघडीन.
या गावात उन्हाळ्यात त्या माणसाला
कुणी परत धाडत नाही.

"आन् हिवाळ्यात?" तू बादली खाली ठेवून विचारलंस.

हिवाळ्याचं अजून लिहायचं आहे.