तुवालो

माईक मी लावला होता, म्हणून ऐकलं.
नाहीतर चोडणच्या इगर्जीत
रविवारी सकाळी माझं काय काम?
आमचा देव पलीकडच्या वाड्यावर,
त्याचाही स्पीकर माझ्याकडूनच जातो.

पाद्र एर्मेलिंद नवा.
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
मीस सरल्यावर म्हणाला, थोडं बसा.
आज शेर्मांव नाही. एक विचार आहे,
मला स्वतःला अजून पुरता न उमगलेला.
तिथेच अर्धी इगर्ज सावध झाली.

म्हणाला, आपण देवाला राजा केलं.
सिंहासन दिलं, हातात दांडा दिला,
आणि मग प्रत्येक उन्मळलेल्या माडाखाली
त्याची सही शोधत बसलो.
तो हुकूम सोडतच नसेल तर?
नुसता हाक मारत असेल,
दर घडीला, दर जिवाला, ज्याच्या त्याच्या नावाने,
आणि ओ द्यायची की नाही हे आपल्यावर सोडून
उंबऱ्याशी उभा राहत असेल तर?
आपलं खरचटलेलं ढोपर
त्याला झोंबत असेल तर?
देव अजून होतो आहे, म्हणाला.
आपल्यासकट.

मग पोदेराकडे बोट केलं.
सांतान, तू पिठात सूर घालतोस.
सूर पिठाला ढकलते का?
सांतान उठला, टोपी हातात चुरगाळत.
ना पाद्र. ती आत शिरते आणि वाट पाहते.
पण थंडीत कधीकधी पीठ फुगतच नाही.
मग?
मग गावाला उंडे नाहीत. मलाही नाहीत.
तसंच, पाद्र म्हणाला. तोही उपाशी राहतो.

फाब्रिकेचे प्रेझिदेंत, निवृत्त मास्तर,
घसा खाकरून म्हणाले,
'सर्वशक्तिमान' म्हणतो आम्ही दर रविवारी,
तो शब्द खोडायचा कुणी?
खोडू नका, पाद्र म्हणाला. शक्ती कुठली, ते विचारा.
बांध फोडणाऱ्या पाण्याची,
की रात्रभर माती टाकणाऱ्या माणसाची?

बांध म्हटलं
आणि मागच्या बाकावर पिएदाद उठली.
एकोणीस वर्षांपूर्वी मानशीजवळ खिंडार पडलं त्या राती
खोरं घेऊन धावलेला तिचा रोमाल्द
तिसऱ्या दिवशी खारफुटीत सापडला होता.
सगळ्या गावाने तिला एकच वाक्य दिलं, देवाची खुशी,
आणि ती ते तेव्हापासून चावत होती,
न गिळता, न थुंकता.

म्हणजे ती त्याची खुशी नव्हती?
नव्हती.
मग त्या राती तो होता कुठे?

माईकने शीळ घातली. माझा हात बटणावर.
आवाज वाढवू की उतरवू, कळेना.

पाण्यात, पाद्र म्हणाला. रोमाल्दबरोबर.
आणि तो अजून वाळलेला नाही.

ती बराच वेळ उभी होती.
मग जे बोलली ते मला मराठीत आणता येत नाही,
तसंच ठेवतो:
"आनी तुवालो? तुवालो कोण दिता ताका?"

दोघंतिघं हसली.
पाद्र हसला नाही. चष्मा काढला, दोरा सुटला,
काच फरशीवर घरंगळत गेली.
ठाऊक नाही, म्हणाला,
आणि खाली येऊन लोकांतच बसला, सांतानच्या शेजारी.
पुढे तक्रार गेली म्हणे पणजीला.

संध्याकाळी रायबंदरच्या लग्नाला स्पीकर न्यायचे होते.
फेरीबोटीच्या वाटेवर बांध लागतो.
भरती चढत होती,
मानशीची दारं पाण्याच्या रेट्यानेच मिटत होती.
तिथल्या पांढऱ्या खुरसाला मोगऱ्याची जुनी माळ,
पायाशी एक तुवालो,
घडी न मोडलेला.
कुणा कुर्ल्या पकडणाऱ्याचाही असेल.
पण तो पाण्यात कुठे दिसला नाही.
मी रिक्षाटेम्पो थांबवला, थोडा वेळ.
एक फेरी चुकली.

माईकचे पैसे फाब्रिकेकडून अजून यायचे आहेत.