आढ्यावरचं पाणी

द्वोयवोडी. घरं एकेचाळीस, चूल पेटते सव्वीस घरांत.
नकाशात शोधायचं तर आधी चष्मा पुसा,
मग नकाशाच्या घडीवर बघा.
आम्ही नेहमी घडीवरच येतो, अक्षरं झिजलेली.

उंची सहाशे बारा मीटर. माती हलकी, बटाट्याची.
दगड दरसाल नवे येतात, त्यांना बियाणं लागत नाही.
झेझुलांच्या कोठाराच्या आढ्यावर पाऊस फुटतो:
उत्तरेच्या पागोळ्या साझावेला मिळतात
आणि लाबेतून उत्तर समुद्रात जातात.
दक्षिणेच्या यिह्लावेला, पुढे डॅन्यूबला, काळ्या समुद्राला.
आढ्यावरच्या चिमणीला याचं काही नाही,
ती दोन्ही समुद्रांत शिटते.

आमच्याकडे कायदाच आहे,
गाव मूठभर असलं तरी त्याची बखर लिहायची.
गिरणीवाला वाव्ह्रझिनेत्स लिहायचा हवा आणि भाव.
सतराचं पान: ‘घंटा तोफांसाठी नेली.
वजन चौऱ्याऐंशी किलो. अंडी महागली.’
चोवीस साली आलुबुखारं विकून नवी घंटा आणली,
बेचाळीसला तीही गेली.
तेव्हापासून लिंडनच्या फांदीला रुळाचा तुकडा टांगलाय.
आग लागली तरी तोच बडवायचा, माणूस गेलं तरी तोच.
कानांना कळतं.

मग पोकोर्निक मास्तर. जांभळी शाई, सुबक अक्षर.
बावन्नचा नोव्हेंबर:
‘सहकारी शेतीला गावाची एकमुखाने संमती.
हवा: पाऊस.’
हवेच्या बाबतीत मास्तर कधी खोटं बोलले नाहीत.

त्या पावसात ट्रक उभा होता.
पाच माणसं, पिसांच्या रजया दोन,
आणि सात वर्षांचा ओताकार, पोटाशी भिंतीवरचं घड्याळ धरून.
ते चालू होतं. आमच्या खिडकीपर्यंत ऐकू येत होतं,
असं मला वाटतं. आईने पडदा ओढला होता.

वसंतात बांध नांगरले.
बांधावरची चेरी, हेझलची झुडपं, सशांची बिळं,
सगळं एक शेत झालं,
एवढं मोठं, की ट्रॅक्टर वळायला शेजारच्या गावात जाई.

एक्क्याण्णव साली ओताकार परतला. टक्कल, कोट उसना.
हातात कागद: ‘चेरीपासून बांधाच्या कडेने.’
ना चेरी, ना बांध.
मोजणीदाराचं यंत्र तिपाईवर नुसतं डोळे मिचकावत होतं.

ओताकार माझ्याकडे आला. म्हणाला, झारी देता?
रूळ फिरवलेल्या उघड्या शेतात तो पाणी ओतायचा,
गुडघ्यांवर बसून बघायचा,
चार पावलं सरकायचा, पुन्हा ओतायचा.
दोनदा मी झारी भरून आणली.
नवव्या की दहाव्या जागी पाणी थबकलं,
दारात उभं राहून चपला शोधणाऱ्या पाहुण्यासारखं,
आणि मग दोन्हीकडे निघालं.

‘इथं,’ तो म्हणाला.
‘बाबा इथं भाकरी खायला बसायचे,
एक बूट या समुद्रात, एक त्या.’

मोजणीदार हसला नाही. त्याने खुंटी ठोकली.

आता ओताकारही नाही. रुळाच्या तुकड्यावर मीच बडवलं,
बारा टोले, मग हात दुखला.
वळचणीचं पाणी आढ्याला चढत नाही म्हणतात.
नसेल चढत.

मी, यिंद्रिश्का, तेहतीस वर्षं ही बखर लिहितेय.
काल बावन्नचं पान काढलं.
मास्तरांच्या सुबक अक्षराशेजारी समासात
पाच नावं लिहिली, वयांसकट.
रजया दोन. घड्याळ एक.
आणि अगदी खाली, जागा उरली होती तिथं:
त्या आठवड्यात आमच्याकडे दूध जास्त होतं.
गायीचं नाव स्त्राका.
ती दोन दिवस त्यांच्या दाराकडे तोंड करून हंबरत होती.