आळीपाळीने

वार्क्याच्या मैदानावर मी बॅगा वाहतो.
नऊ होल, दोन तळी, एका मगरीची अफवा.
कार्डही मीच भरतो, पेन्सिल माझी,
बोटाच्या पेराएवढी उरलेली.

दिल्लीचे पाहुणे म्हणतात, फटका न् फटका मोजायचा,
आणि झुडपामागचे दोन विसरतात.
मी विसरत नाही. बोलतही नाही.
सांतान म्हणतो, मॅच-प्ले बरा,
हरलेलं होल तिथंच पुरायचं, पुढे पाटी कोरी.
आमच्या भावकीच्या कज्ज्यासारखं नव्हे,
तिथे आजोबांनी सरकवलेली मेर
अजून बेरजेत आहे.
मला स्टेबलफर्ड आवडतं.
चेंडू फारच वाया गेला तर उचलायचा, खिशात टाकायचा,
शून्य लिहून चालू लागायचं.
शून्याखाली कुणी ढकलत नाही.
दहावीला असा तपासनीस मिळायला हवा होता.

गुरुवारी एर्मेलिंडाबाई येतात.
एकट्या. तरी कार्डावर नावं दोन.
तीस वर्षं दोघं फोरसमच खेळले:
चेंडू एक, माणसं दोन, आळीपाळीने.
हिने वाळूत घालायचा, ऑलावबाबने काढायचा,
त्याने तळ्याच्या काठाशी नेऊन ठेवायचा,
हिने दात-ओठ खात मारायचा.
"लग्नापेक्षा सोपं," तो म्हणायचा,
"पाळी कुणाची, ते तरी कळतं."

तो गेल्यावर बाई पहिल्यांदा आल्या
तेव्हा एक फटका मारला,
चेंडूपर्यंत चालत गेल्या
आणि थांबल्या.
थांबल्याच. मागची माणसं खाकरू लागली.
मग त्याची सात नंबरची आयर्न माझ्यापुढे धरली:
"गुणो, त्याची पाळी."

कॅडीने खेळायचं नसतं.
पाटीच आहे तशी, तीन भाषांत.
पण मैदान व्हायच्या आधी
या चौथ्या होलवर आई भात कापायची,
आणि कापणीनंतरच्या खुंटांत
झावळीच्या दांड्याने आम्ही गळके बोंडे टोलवायचो.
मेर ओलांडली की जिंकला,
एवढाच नियम. गुण कुणी लिहिले नाहीत.

मी मारला.
उजवीकडे, थेट चिखलात.
"अगदी त्याच्यासारखा," बाई म्हणाल्या,
आणि बूट काढून, हसत, आत उतरल्या.

त्याला दोन पावसाळे झाले.
ऑलावबाबचा हँडिकॅप आम्ही अजून चोवीसच धरतो,
आता त्याचा कमी कोण करणार?
माझा हात मात्र सुधारलाय थोडा.
ते मी लपवतो,
अधूनमधून मुद्दाम उजवीकडे घालवतो.
बाईंना कळतं बहुतेक.

परवा नवव्या होलवर
चेंडू भोकापासून वीतभर राहिला.
एवढं सोडून देतात सगळे,
"दिला" म्हणायचं आणि उचलायचा.
ऊन उतरलं होतं, गवत कापणारं यंत्र
पलीकडून जवळ येत होतं.
मी वाकलो.

"नको," बाई म्हणाल्या,
"त्याला घालू दे."