चाकोरी

काल रात्री पाऊस झाला लास्कोर्साच्या डोंगरावर.
फार नाही, पत्र्यावर मूठभर हरभरे सांडावेत एवढाच.
पण इथली माती करडी, चिकणी,
लगेच मनाला लावून घेणारी.

सकाळी जाऊन मी बोट खुपसलं.
दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.
म्हणजे वाट आज बंद.
हा आमचा एकच नियम, बाकीचे त्याची लेकरं.
फाटकाला दोरी बांधली, दोरीला लाल चिंधी,
माझ्याच जुन्या जर्सीची बाही.

ही वाट सायकलींची नव्हतीच कधी.
खेचरांची होती. मिठाच्या गोण्या, लोकर, एकदा एक पियानो
(असं उर्बेस सांगतो. उर्बेस पुष्कळ सांगतो.)
चुन्याशिवाय दगडावर दगड बसवत नेलेली,
वळणावर खेचराचं ढुंगण मावेल एवढीच रुंद.
मग गाव उठून खाली कारखान्यांकडे गेलं
आणि काटेरी झुडपांनी तिला पोटात घेतलं.
तीन हिवाळे कोयते चालवून
आम्ही तिला बाहेर काढली,
आमची हँडलं जेमतेम जातील एवढी.

सतराव्या वर्षी मीही
अशाच सकाळी दोरी ओलांडली होती.
मागचा ब्रेक दाबून, चाक फरफटवत,
सातव्या वळणावर माती लोण्यासारखी कापत गेले.
पाठीवर चिखलाचा पट्टा, दाताखाली खडे,
वाटलं, डोंगर आपल्या नावावर झाला.
झालाच होता.
पुढच्या पावसाला पाणी आलं ते थेट माझ्या चाकोरीत शिरलं,
त्याला कुणीतरी आयतं बोलावल्यासारखं.
चार वर्षांत कमरेएवढी घळ.
पाचव्या वर्षी भिंत बसली,
उर्बेसच्या बापानं रचलेली.

उर्बेस काही बोलला नाही.
त्यानं माझ्या हातात पहार दिली
आणि समोरच्या दगडावर चीज कापत बसला.

लोक सांगतात, चाकोरी मोडा.
मी दर रविवारी तेच करते. पहारीनं.

आज नऊ वाजता एक व्हॅन आली.
बिएल नावाचा पोरगा, नवी कोरी सायकल,
साडेतीन तास गाडी हाणत आलेला.
म्हणाला, डोंगर काय तुमच्या बापाचा?
म्हटलं, नाही, उर्बेसच्या बापाचा थोडासा, सातव्या वळणापाशी.
म्हणाला, एकदाच जातो.
या एकदाचं वजन मला ठाऊक आहे,
मी ते दगड करून वर वाहिलंय.
म्हटलं, बोट घाल.
त्यानं घातलं.
आपल्या बोटाकडे पाहिलं आणि एक शिवी दिली,
मला नव्हे, मातीलाही नव्हे, बहुधा हवामान खात्याला.

मी त्याला पलीकडचा उतार दाखवला,
उन्हाकडे तोंड केलेला, नुसता खडकाळ,
तिथं पाणी थांबत नाही.
सांगितलं, मेंढ्या दिसल्या तर मात्र तू थांब.
उतरून उभा राहा, शिट्टी मारू नको,
कुत्र्याशी मैत्री करायला जाऊ नको, तो कामावर असतो.
फाटक जसं सापडेल तसं ठेव.
आणि कुणी चढत येत असेल तर त्याला आधी जाऊ दे.
उतरणाऱ्याचा वेग डोंगराचा असतो,
चढणाऱ्याचा दम त्याचा स्वतःचा.

तो गेला. चाकाचा आवाज बराच वेळ खडकांवर खडखडत राहिला.
मला जायचं होतं त्याच्यामागे, खोटं कशाला बोलू.
माझी सायकल आठ दिवस भिंतीला टेकून आहे,
आणि गुडघ्यांना वळणं पाठ आहेत.

संध्याकाळी दोरी सोडायला नाही, नुसतं बघायला गेले.
चिंधीच्या पलीकडे चाकाची एक ताजी रेघ,
वीस पावलं आत, मग थांबलेली.
तिथून बुटांचे ठसे परत फिरलेले,
त्याच रेघेवर पाय टाकत, कडेचं गवत न तुडवता.

त्याचे की आणखी कुणाचे, कसं कळणार?
मी टाचेनं रेघ दाबत दाबत बुजवली,
वीसच पावलं.
उर्बेस म्हणाला, रानडुक्कर असेल.
असेल.
टायर घातलेलं.