तोटी कुठल्या बाजूला

पहिल्या बैठकीत मी नकाशा पसरला.
तो गुंडाळू नये म्हणून त्यांनी कोपऱ्यांवर ठेवली
दोन गीतपुस्तकं, चहाचा कप
आणि पाळकसाहेबांच्या चष्म्याचं घर.

वडगाव शेरी, गल्लीच्या टोकाचा प्लॉट.
बावीस वर्षं पत्र्याखाली भरलेली मंडळी,
आता त्यांना छत हवं होतं न तापणारं.
"आणि मनोरा," खजिनदार म्हणाले,
"नगर रोडवरून दिसला पाहिजे."
मी म्हटलं, नगर रोडवरून आता
मॉलची पाठ तेवढी दिसते.
कुणी हसलं नाही.

कंपाउंडची भिंत मी काढून टाकली होती.
तिच्या जागी ओटा, सलग, गुडघ्याएवढा,
रस्त्याकडे तोंड केलेला.
रात्रपाळीचा कॅबवाला टेकेल,
पाटी उतरवायला उंची बरी पडेल,
असं काहीबाही समासात लिहिलेलं
पेन्सिलीनं, पुसता यावं म्हणून.
दार सहा फुटी:
खांदेकऱ्यांना पेटी तिरकी करावी लागू नये.
मागची खोली कुणाच्याच नावावर नाही,
संध्याकाळी दहावीची पोरं,
गुरुवारी बचत गट,
पहिल्या शनिवारी साखर तपासणाऱ्या नर्सबाई.

"आणि कुलूप कोण लावणार?"
शीलवंता गायकवाड उभ्याच राहिल्या.
"चपला जातील, पेटी जाईल वाजवायची.
कुणी येऊन झोपलंच, तर उठवायचं कुणी?"
प्रश्न खरे होते.
माझ्याकडे फक्त छेद होते आणि दर्शनं.

शेवटी अडलं ते पाण्यापाशी.
टँकर विकतचा. नळ बाहेर ठेवला
की लोक रिक्षा धुणार.
हात वर करून मोजायचं ठरलं.

अमोलिक ओहोळ तोवर गप्प.
वय एक्याऐंशी, एसटीच्या वर्कशॉपातले फिटर,
माझ्या रेघांवरून बोट फिरवत होते
जॉब तपासल्यासारखं.

"आमच्या नेवाशाकडं
आडाला हात लावायचा नाही आम्ही.
खाली बसायचं, घागर पुढं ठेवायची,
वरून कुणी ओतलं तर ओतलं.
मग मिशनच्या बंगल्यात पंप आला.
आईनं दांडा धरला, खालीवर, खालीवर,
घागर भरून वाहिली तरी थांबेना.
पण पंप कुंपणाच्या आत होता.
बाहेर पालावरची पोरं उभी, डबडी घेऊन.
आई तिकडं बघायची नाही.
मला तेच जास्त आठवतं."

मग नकाशा माझ्याकडे सरकवला.
"तोटी बाहेरच्या बाजूला लावा, बाई.
मनोऱ्याचं तुमचं तुम्ही बघा."

नऊ विरुद्ध आठ.

मनोरा झाला नाही.
घंटा शेडमधलीच, रुळाचा तुकडा,
हातोडीनं ठोकायचा, बेसूर,
बेकरीवाला तिच्यावर रविवारचा दुसरा घाणा काढतो.

समर्पणाच्या दिवशी मला पोचायला उशीर.
ओट्यावर एक अनोळखी बाई,
कपाळभर कुंकू, शेजारी मेथीची पाटी,
ओंजळीनं पाणी पिऊन तोंड पुसत म्हणाली,
"पायरी उंच झाली हो तुमची."
आत गीत चालू, मी बाहेर टेप लावून ओणवी.
साडेसात इंच.
कागदावर सहा होती.

पितळी तोटी दोनदा चोरीला गेली.
खर्चाच्या वहीत खजिनदारांचं अक्षर:
तोटी, नग एक, दोनशे चाळीस.
खाली परत तीच ओळ.
तिसरी प्लास्टिकची, साठ,
आणि पुढं काहीतरी खोडलेलं.
उजेडाकडे पान धरलं तर वाचता येतं:
आत घ्यावी काय?

खोडलंय त्यांनीच.
पायरीचं अजून काही केलेलं नाही.