डावी बाही

सकाळी सातला हेडफोन उतरवते तेव्हा
डाव्या बाजूच्या केसांत एक खाच राहते.
दुपारपर्यंत जात नाही ती.

खिंड बर्फाने बंद नसली तर आकुरेरीहून चाळीस मिनिटांत घर.
मोबाइल स्कीरच्या रिकाम्या बादलीत, झाकण घट्ट,
बादली फ्रीजरवर, तिच्यावर बटाट्यांची पिशवी.
हालफ्रीदुर हसते : अगं, बंद करायचं बटण असतं, स्टेनवर!
तिला काय सांगू,
बंद केलेला फोनही ऐकत बसल्यासारखा वाटतो मला.

मग पाणी. मग चूल.
मासे उकडायचं थोरलं पातेलं, जे आता माशांचं राहिलेलं नाही.
तुरटीत रात्रभर भिजलेल्या लडी
पिळायच्या नाहीत, नुसत्या दाबायच्या;
ओल्या लोकरीला घाई सोसत नाही, रुसून आकसते.

दगडफूल कड्याच्या सावलीतून आणते, धुक्याने मऊ झालं की.
मूठभरच. माझ्या वयाहून जुनं असतं ते.
त्याचा रंग बंदरातल्या गंजल्या साखळीसारखा.
रुबार्बच्या मुळांचा पिवळा.
ल्युपिनचा हिरवा, जो दर खेपेला निराळा,
एकाच पातेल्यातल्या दोन लडीसुद्धा सख्ख्या बहिणी वाटत नाहीत.

आम्हाला बोलायची परवानगी नाही, कुणाचंच काही.
पण रंगाला नाव काय द्यावं, याचा नियम कुठे आहे?
हा हिरवा म्हणजे होडीत पाणी शिरलेला माणूस,
जो हेलिकॉप्टर येईपर्यंत मलाच माझं नाव विचारत होता.
हा निळा, पायरीवरून पडलेली म्हातारी :
खुबा मोडलेला, आणि काळजी घोड्याच्या वैरणीची.
पिवळ्याचं नाव सहा वाजून दहा.
त्याचं कारण मी लोकरीलाही सांगितलेलं नाही.

आणि एक मुलगी होती. नऊ वर्षांची, असं म्हणाली.
आई उठत नाही.
मी म्हटलं, दोन्ही हात छातीच्या मधोमध ठेव, माझ्याबरोबर मोज,
जोरात दाब, तीसपर्यंत, मग पुन्हा एकपासून.
ती मोजत राहिली. सतरा नेहमी गाळायची.
मग दार उघडल्याचा आवाज, बुटांचे आवाज,
कुणीतरी फोन उचलला आणि ठेवला.

बस. आमच्यापर्यंत शेवट पोचत नाहीत.

तेव्हापासून माझ्या विणीत तीस टाके कधी नसतात.
अठ्ठावीस असतात, नाहीतर बत्तीस.
मनगटापासून बाही वाढवताना
दोनाऐवजी एकदम चार टाके घालते.
घडी पडते तिथे छोटीशी. कुणी विचारलं नाही अजून.

या गुरुवारी हालफ्रीदुरच्या धाकट्याचा स्वेटर,
उजवी बाही झालेली, डावी निम्म्यावर,
आणि गंजाच्या रंगाची लड संपली.
पुन्हा दगडफूल, पुन्हा पातेलं, तेच माप, तोच वेळ,
आणि रंग आला चहाच्या गाळासारखा.
उसवायला हवं होतं. सुई काढलीही.
सवयीने टाके मोजले.
तीस.

केव्हा दोनच वाढवले होते, आठवत नाही.
खिडकीबाहेर एक मेंढी खांबाला अंग घासत होती.
मी नवा दोरा जोडला, सुई घातली,
एक, दोन,
सुलट, सुलट,
सोळा, सतरा (हा मुद्दाम मोठ्याने),
तीस. मग पुन्हा एक.
हाताखाली कुणाची छाती नव्हती.
घाई नव्हती.
कोपरापर्यंत तशीच गेले, तिसातिसाच्या फेऱ्यांनी,
चहा निवला, दिवस जो काही असतो इथे, तोही.

डावी बाही अर्ध्यावरून वेगळी दिसते.
पोराला चालेल. त्याला खिसा हवा होता फक्त.

दोऱ्याचं टोक सुईत ओवून आतल्या अंगाला दडवत होते
तेव्हा फ्रीजरवर काहीतरी घरघरलं,
पिशवीतला एक बटाटा जागचा हलला.

मी टोक दडवलं.
मग कात्री शोधली.